चॅरिटीचा वाक्यात उपयोग

“…ते सगळं खरं, मास्तर. पण म्हणजे काय?”

टोणगावकर सरांनी डोळे मिटून घेतले. सकाळपासून हा प्रश्न ऐकून त्यांचे कान किटले होते.

केसोबुवा मठाच्या ओट्यावर पाय सोडून बसले होते आणि समोर भिंतीला टेकवलेल्या नव्या बोर्डाकडे बघत होते. बोर्डावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘टोणगावकर चॅरिटेबल वाचनालय’. रंग अजून ओला होता.

सरांनी निवृत्तीनंतर गावातलं आपलं राहतं घर मठाला देऊन टाकलं होतं आणि स्वतः मठात येऊन राहिले होते. त्या घरात आता वाचनालय निघायचं होतं. बोर्ड बघून बुवांनी मान डोलवावी, फार तर पाठीवर हात ठेवावा, एवढीच सरांची अपेक्षा. तर बुवांनी नेमका मधला शब्द धरला आणि तो काही केल्या सोडेनात.

“चॅरिटी म्हणजे दान, बुवा.”

“दान हा शब्द आहे की आपल्याकडे. मग हा कशाला?”

“दानात पुण्याची आशा असते. चॅरिटीत कळवळा असतो.”

“मग कळवळा म्हण.”

“कळवळा नुसता मनात असतो. चॅरिटीत काहीतरी द्यावं लागतं!”

“म्हणजे दान.”

“नाही हो…”

ज्या माणसानं जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, ज्याच्या तासाला पोरं खिडकीत उभी राहायची, त्याला एका साध्या शब्दाचा अर्थ पटवून देता येऊ नये! सरांनी शेवटचं हत्यार बाहेर काढलं. शब्द लॅटिनमधून आला, त्याचं मूळ प्रेमात आहे, माणसाला माणूस प्रिय असणं हा त्याचा आदिम अर्थ आहे, असं सगळं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

बुवांनी ते मन लावून ऐकलं.

“म्हणजे माया,” ते म्हणाले.

“हो! माया!” सरांना हायसं वाटलं.

“मायेला बोर्ड कुणी लावतं का रे?”

दुसरा कुठला दिवस असता तर सर उठून नदीवर निघून गेले असते. पण आज मठाच्या मूळपुरुषाची पुण्यतिथी होती. वर्षातून या एकाच दिवशी केसोबुवा अनुग्रह देत. कानात मंत्र सांगत, डोक्यावर हात ठेवत आणि त्या माणसाला आपला म्हणत. तेही सूर्य मावळायच्या आत. आणि यंदा बुवांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की हे शेवटचं. छातीत दम राहिला नाही, पुढच्या वर्षी हे दुकान बंद.

सरांना तो अनुग्रह हवा होता. बायको गेली, नोकरी सरली, घर दिलं. आता आपलं म्हणणारं कुणीतरी असावं, एवढी एकच भूक उरली होती, आणि ती त्यांना रात्रंदिवस जाळत होती. मठात येऊन ते त्यासाठीच थांबले होते. आणि हा म्हातारा सकाळपासून शब्दकोश उघडून बसला होता.

“बरं, अर्थ राहू दे,” बुवा म्हणाले. “शाळेत कसं विचारायचे? अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. तू उपयोग कर.”

“आणि मग अनुग्रह?”

“आधी वाक्य.”

सरांनी घसा साफ केला. “एका श्रीमंत माणसानं थंडीत गरिबांना कांबळी वाटली. ही त्याची चॅरिटी.”

“गरीब कोण?”

“कोणी का असेनात.”

“नाव नाही?”

“उदाहरण आहे हो, बुवा!”

“बरं. दुसरं सांग.”

“एका व्यापाऱ्यानं धर्मशाळा बांधली.”

“उतरलं कोण तिथं?”

“मला काय ठाऊक!”

“तिसरं?”

सरांचा संयम संपत आला होता. “मी माझं घर या मठाला दिलं. झालं? यात नावं आहेत, गावं आहेत, सगळं आहे.”

“परत घेऊन जा.”

“काय?”

“घर. परत घेऊन जा. चुकीच्या वाक्यात कशाला अडकवायचं चांगलं घर?”

सर उभे राहिले, पुन्हा बसले. ओठ घट्ट मिटून त्यांनी नाकानं श्वास सोडला. बुवा शांतपणे कानात काडी घालत होते.

“तुझा एक भाऊ आहे ना गावात?” ते एकदम म्हणाले. “गिरणीवाला?”

“दिगू. धाकटा. त्याचं काय?”

“त्याच्यावर वाक्य कर.”

हे सोपं होतं. सरांचा चेहरा खुलला. “त्याला मी कधीच कमी पडू दिलं नाही. दर दिवाळीला रिक्षा भरून सामान जातं. कपडे, मिठाई, वाणसामान. हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही.”

“आणि तो काय देतो तुला?”

“तो काय देणार? गिरणी ती केवढी! मी तर त्यांच्याकडे गेलो तरी पाणीसुद्धा पीत नाही. त्यांना उगाच तोशीस नको.”

बुवांनी बोर्डावरची नजर काढून पहिल्यांदाच सरांकडे बघितलं.

“पाणीसुद्धा नाही?”

“नाही,” सर म्हणाले. हे सांगताना त्यांची मान जरा ताठच झाली.

बुवा भिंतीचा आधार घेत उठले, खुंटीवरची भगवी झोळी काढली आणि सरांच्या मांडीवर टाकली.

“आज एकच घर. तिथली मधुकरी घेऊन ये. दिवस मावळायच्या आत.”

सर झोळीकडे बघतच राहिले. मठात राहणाऱ्यानं दारोदार जाऊन शिजलेलं अन्न मागायचं आणि ते आणून गुरूपुढे ठेवायचं, हा इथला नियम. सरांनी तो आजवर मोठ्या खुबीनं टाळला होता. आपल्या वाटचं मागायच्या ऐवजी ते कोठीत गहू, तांदूळ, डाळ आणून टाकत. आपल्या वाटचंच काय, दहाजणांच्या वाटचं. बुवांनी कधी हरकत घेतली नव्हती, म्हणून सरांना वाटलं होतं, की बुवांना ते आवडलं.

“बुवा, वाटेत माझे विद्यार्थी भेटतात.”

“बरं झालं. त्यांनाही विचार अर्थ.”

काय करणार! सर झोळी खांद्याला लावून निघाले. बाजारपेठेतून जाताना त्यांनी ती उपरण्याखाली दाबून धरली होती, तरी टेलरच्या दुकानातून हाक आलीच, “सर, मटण आणायला का?” सरांनी मान वळवली नाही. मनातून मात्र ते बुवांना, मूळपुरुषाला आणि बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला एकत्र शिव्या घालत होते.

दिगूचं घर गिरणीला लागूनच होतं. सरांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून हळूच म्हटलं, “ॐ भवति भिक्षां देहि.”

कुणालाच ऐकू गेलं नाही.

त्यांनी पुन्हा म्हटलं. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. शेवटी ते चक्क ओरडले. तशी आतून प्रयाग, दिगूची बायको, पदर सावरत बाहेर आली आणि दारातच थबकली.

“अगं बया, भाऊजी! हे काय म्हणायलाव? आत या की.”

“आत येता येत नाही. मधुकरी मागायला आलोय. घरात असेल ते घाला, मला घाई आहे.”

तिला ते कळायला वेळ लागला. मग तिनं गिरणीकडे तोंड करून हाक मारली, “अहो! दादा आलेत. झोळी घेऊन आलेत!”

दिगू धावत आला. भुवयांवर पीठ, मिशीवर पीठ. झोळीकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

“दादा, काय झालं? मठातून काढलं का तुला?”

“कुणी काढलं नाही! रीत आहे ती! प्रयाग, भाकरीचा तुकडा घाल आणि मोकळं कर मला.”

प्रयाग आत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. “सकाळच्या भाकरी संपल्या. ज्वारी आहे, पीठ नाही. दुपारी दळून घेणार होतो, तर लाईट गेली.”

“गिरणी तुमची, आणि घरात पीठ नाही?”

“गिऱ्हाइकाचं आधी असतं, दादा,” दिगू ओशाळून म्हणाला. “येईल लाईट आता.”

“कधी?”

“आली की येईल.”

सरांना वाटलं, आपण इथेच उंबऱ्यावर कपाळ आपटून घ्यावं. तेवढ्यात त्यांची नजर आत फळीवर गेली. तिथे गव्हाच्या आट्याच्या पिशव्या ओळीनं उभ्या होत्या, चकचकीत, तोंड शिवलेल्या. त्यांनीच पाठवलेल्या. गेल्या दिवाळीच्या, त्याआधीच्या दिवाळीच्याही.

“तो काय आटा! दोन पोळ्या लाट, एवढं कशाला?”

प्रयागनं फळीकडे बघितलं. मग सरांकडे.

“तुमचंच तुम्हाला घालू, भाऊजी?”

सरांनी पुन्हा फळीकडे बघितलं.

“पण… वापरला का नाहीत तुम्ही?”

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. दिगूला हसू आवरेना. “दादा, गिरणी आहे आपली. गिऱ्हाइकानं बघितलं तर काय म्हणंल? गिरणीवाला पिशवीतला आटा खायलाय?”

“मग सांगायचं नाही का मला!”

“कधी सांगायचं?” प्रयाग म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, पण आज तिनं बोलायचं ठरवलेलं दिसत होतं. “तुम्ही उंबऱ्यावरूनच परत जाता. चहा टाकते म्हटलं की, आत्ताच झाला. पाणी म्हटलं की, तहान नाही. बरं, दिवाळीला उलट काही पाठवावं, तर भांडं नसतं. शेजारणीची वाटी आली तर मी त्यात चार चकल्या घालून परत देते, रिकामी देत नाही. तुमचं सगळं खोक्यात येतं. खोकं कसं परत द्यायचं, भाऊजी?”

सरांनी आयुष्यात पुष्कळ प्रश्नपत्रिका काढल्या होत्या. हा प्रश्न त्यांना कधी सुचला नसता.

“कांदा तरी घाल झोळीत,” ते पुटपुटले. “काहीही चालतं.”

“पहिल्यांदा मागायलाव माझ्या दारात, आणि कांदा देऊ?” प्रयाग म्हणाली आणि आत निघून गेली.

मग वाट बघणं सुरू झालं. सर ओट्यावर बसले. शेजारी दिगू बसला. गिरणीचा पट्टा ढिम्म लोंबत होता. ऊन समोरच्या लिंबाच्या बुंध्यावरून फांद्यांवर चढलं. सर दर थोड्या वेळानं सूर्याकडे बघत आणि दिगूवर खेकसत, “वायरमनला फोन कर.” दिगू फोन लावत होता, तो कुणी उचलत नव्हतं.

प्रयागनं चहा आणला.

“नको, आत्ताच…” सरांच्या तोंडून सवयीनं निघालं. मग मांडीवरची झोळी दिसली. त्यांनी कप घेतला.

चहात साखर जरा जास्तच पडली होती. सर चहा पीत होते आणि दिगू त्यांच्याकडे बघत होता, कप तोंडाला लागल्यापासून खाली ठेवेपर्यंत. त्यात एवढं बघण्यासारखं काय असतं, असं विचारायला सर तोंड उघडणार, एवढ्यात दिगूनं मान फिरवली आणि बाहीनं डोळे पुसले. बाहीवरचं पीठ गालांना लागलं. सर रिकाम्या कपाकडे बघत बसले. आतून काहीतरी हललं होतं आणि त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

सूर्य पलीकडच्या छपरांना टेकला, तेव्हा लाईट आली.

गिरणी धडधडायला लागली. दिगूनं दोन ओंजळी ज्वारी दळली आणि गरम पीठ परातीत आणून दिलं. प्रयाग चुलीपुढे बसली. एकीकडे पिठलं रटरटत होतं. सरांनी मनाशी हिशेब केला. आत्ता निघालं, झपाझप चाललं, तर बुवा सापडतील. भाकऱ्या होईपर्यंत थांबलं, तर नाही.

ते उठून उंबऱ्यापाशी आले. “प्रयाग, भाकरी राहू दे! पीठच घाल झोळीत. कोरडं पीठ चालतं. अगदी शास्त्राला धरून आहे.”

पीठ मळता मळता तिचा हात थांबला.

“बरं,” ती म्हणाली.

एवढंच. तिनं हात झटकले, कोरड्या पिठाची ओंजळ भरली आणि ती उठली. चेहऱ्यावर राग नव्हता. ‘आत्ताच झाला’ असं ऐकून चहाचं आधण उतरवून ठेवतानाही ती अशीच उठत असणार. दिगू गिरणीच्या दारात उभा होता. त्यानं हळूच बटण बंद केलं.

सरांनी झोळी पुढे केली. मग मागे घेतली.

वैतागानं त्यांचं डोकं भणभणत होतं. बुवांवर, त्या शब्दावर, मावळत्या सूर्यावर, या दोघांच्या समजूतदारपणावर. आणि आता कुणावर, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

त्यांनी चपला काढल्या. उंबरा ओलांडला.

“पाट कुठं आहे?” ते जवळजवळ ओरडलेच. “आणि मला ठेचा पाहिजे. तिखट.”

मठात ते पोचले, तेव्हा दिवेलागण झाली होती. लोक पांगले होते. केसोबुवा सकाळच्याच जागी ओट्यावर बसले होते, खांद्यावर कांबळं घेऊन. बोर्ड जमिनीवर पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर कुणीतरी बोरं वाळत घातली होती.

“दिवस गेला, मास्तर.”

“माहीत आहे.”

“झोळी उघड.”

सरांनी फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या काढल्या. झोळीत पिठलं सांडेल म्हणून प्रयागनं ते वाटीत घालून दिलं होतं, वर ताटली झाकून. काठाला पोचा आलेली पितळेची वाटी. बुवांनी ताटली काढली, वास घेतला आणि भाकरी मोडली.

“आधी गुरूपुढे ठेवायचं असतं,” सर म्हणाले. “मी तिथंच जेवून आलो.”

“दिसतंय की. ठेचा लागलाय मिशीला.”

बुवा सावकाश जेवले. सर ताटकळत उभे होते. अनुग्रह गेला होता, कायमचा, आणि हा म्हातारा बोटं चाटत होता.

“मग?” बुवा म्हणाले. “वाक्य झालं का?”

“झालं.”

“म्हण.”

सरांनी तोंड उघडलं. वाटेत येताना त्यांनी वाक्य पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं होतं.

“आज मी दिगूकडे जेवलो.”

बुवा वाट बघत राहिले. “आणि शब्द कुठं आहे यात?”

“कुठं घालायचा तेच कळेना,” सर चिडून म्हणाले. “मगाचपासून बसवून बघतोय. बसत नाही.”

अंधारात बुवांचा चेहरा नीट दिसत नव्हता. खोकल्याची एक उबळ आली, गेली. कदाचित ते हसलेही असतील.

“बुवा,” सरांचा आवाज एकदम खाली आला. “तुम्ही आता कुणालाच अनुग्रह देणार नाही. मी कुणाच्या दारात जाऊ?”

बुवांनी वाटीत पाणी ओतलं, बोटानं पिठल्याचा शेवटचा कण सोडवला आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग आपल्या उपरण्यानं वाटी आतून बाहेरून पुसली, लख्ख होईपर्यंत पुसली, आणि सरांच्या हातात ठेवली.

“सकाळी देऊन ये. रिकामी नेऊ नकोस.”

सर वाटीकडे बघत राहिले. त्यांच्याजवळ आता घर नव्हतं, दार नव्हतं, चूल नव्हती.

“यात काय घालू, बुवा?”

“मला काय विचारतोस? भावजयीला विचार.”